हद्द कोणाची?

कराडच्या स्टँडवरून एस. टी. कासेगावकडे निघाली, की थोड्याच वेळात सातारा जिल्हा संपतो आणि सांगली जिल्हा लागतो. मध्ये भिंत नाही, कुंपण नाही. हद्द असते कागदावर. पण या कागदी हद्दीने बायाबापड्यांना फार छळले.

समजा, एक बाई बाजार करून निघाली. गाडीत एका माणसाने तिच्या अंगाला हात घातला. ती पुढच्या गावी उतरून पोलीस ठाण्यात गेली. अंमलदार विचारी, "बाई, हे घडलं कुठं?"

"गाडीत, सायब. त्या वक्ताला कुठलं गाव व्हतं, मला काय ठावं?"

"मग मागच्या ठाण्यात जा. ही आमची हद्द नव्हे."

मागच्या ठाण्यातही तेच उत्तर. तोवर दिवस मावळे. बाई मुकाट्याने घरी जाई.

2012 साली दिल्लीत चालत्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला. ती जगली नाही. सारा देश पेटून उठला. 2013 साली कायदे कडक झाले. मग 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात स्पष्टच लिहिले: असा गुन्हा कुठेही घडो, कोणत्याही ठाण्याने फिर्याद लिहून घ्यावी. तिला शून्य नंबर देतात. योग्य ठाण्याकडे ती पाठवणे हे पोलिसांचे काम. बाईने वणवण करायची नाही.

अशी फिर्याद महिला पोलिसाने लिहून घ्यायची असते. लिहिलेले वाचून दाखवतात. पण आता तुम्हांला वाचता येते ना? मग कागद हातात घ्या. काय घडले, कधी घडले, नीट उतरले आहे का ते बघा. चुकले असेल तर दुरुस्त करायला सांगा. मगच सही करा. नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या.

कायदा झाला म्हणून ठाण्याची पायरी चढणे सोपे झाले, असे नाही. एकटी बाई कचरतेच. जाऊ, सासू, पोलीस पाटील, कोणीतरी बरोबर न्या. अंगावर प्रसंग आला, तर आधी 112 नंबर फिरवा. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि फिर्याद घेतलीच नाही तर? अशी फिर्याद न लिहिणाऱ्या अंमलदाराला सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. सगळी हकिकत लिहून टपालाने पाठवा. पाकिटावर पत्ता असा घाला: पोलीस अधीक्षक, सांगली जिल्हा, सांगली. साताऱ्याच्या लोकांनी दोन्ही ठिकाणी सातारा लिहावे. पाकीट स्पीड पोस्टाने पाठवा आणि टपालाची पावती जपून ठेवा.