घरबसल्या सिनेमा आणि करवंटीतला वाल



आपल्या शहापूर-मुरबाडकडचा पाऊस कसा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. लावणी आटोपली की ओढे भरून वाहतात, बाहेर पाऊल टाकायची सोय राहत नाही. यंदा अशाच पावसात आम्ही चार भावंडं गोधडीत शिरून बाबांच्या मोबाइलवर सिनेमे पाहत बसलो. एक संपला की दुसरा. आजी चुलीपाशी एकटीच. दोनदा म्हणाली, "मला बी दाव की गं जरा." पण मोबाइल केवढा, आणि डोकी किती! तिच्यापर्यंत तो पोचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत माझे डोळे चुरचुरत होते. गुरुजींनी विचारलं, तेव्हा खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "दिवसभर सिनेमा पाहिलास ना? मग सांग, त्यातली चित्रं हलतात कशी?" वर्गात कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून आम्ही जे शिकलो, ते इथे लिहीत आहे.

सिनेमातलं एकही चित्र हलत नाही. सगळी स्थिर फोटो असतात. एकामागून एक फोटो भराभर दिसले की आपले डोळे आणि मेंदू त्यांना जोडून घेतात, आणि आपल्याला वाटतं माणूस चालला. बोलपटात सेकंदाला २४ चित्रं असतात. म्हणजे एका मिनिटात १,४४० आणि एका तासात ८६,४००. मोबाइलवरही युक्ती हीच आहे. चित्रं तेवढी फिल्मच्या पट्टीऐवजी पडद्यावरच्या बारीक बारीक ठिपक्यांनी उमटतात.

घरी सिनेमे पाहून डोळे दुखवून घेणारे आपण पहिले नव्हे! त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. आपल्या देवांच्या गोष्टी अशा का दाखवता येऊ नयेत, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. मग त्यांनी एक लहानसं यंत्र आणि फिल्मची रिळं मिळवली आणि घरीच भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात चित्रं पाडून पाहू लागले. रोज कित्येक तास पाहणं, झोप जेमतेम. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या औषधाने आणि चष्म्यांनी नजर परत आली. आपल्या चुरचुरण्याचं कारण त्याहून साधं आहे. पडद्याकडे टक लावली की आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात.

फाळके वेळ घालवायला पाहत नव्हते, ते चित्र हलतं कसं हे शोधत होते. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली ते लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले. पण सिनेमा काढायला पैसा कोण देणार? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा मांडून महिनाभराहून जास्त दिवस त्याची थोडी थोडी चित्रं घेतली. महिन्याची वाढ मिनिटभरात दिसू लागली! त्या फिल्मचं नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून कर्ज देणारे मिळाले.

पुढे 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमागृहात लागला. फिल्म सुमारे ३,७०० फूट लांब होती. एका फुटात १६ चित्रं बसतात. गुणाकार करून पाहा, ५९ हजारांवर जातो. दादरच्या राहत्या घरातच बरंचसं काम चाले. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडायची असत. ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत आणि शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. (तारामतीचं काम करायला बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके हा पुरुषच राणी झाला. हे ऐकून आमचा वर्ग खूप हसला.)

घरात सिनेमा पाहायच्या तऱ्हा पुढे बदलत गेल्या. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. मग भाड्याच्या व्हिडिओचे दिवस आले. बाबा सांगतात, गणपतीत किंवा पूजेला व्हिडिओ आणायचा, अंगणात टीव्ही मांडायचा आणि रात्रभर तीन-तीन कॅसेटी. आख्खी आळी पुढ्यात बसलेली. म्हाताऱ्यांना पुढची जागा. आजीने तेव्हा पोटभर पाहिलं. आता घरात सिनेमा आहे, पण आजीला नाही, हे मला लिहितानाच कळलं.

आम्ही वाटाण्याऐवजी वाल घेतला. भिजवलेले वाल करवंटीत मातीत लावले आणि रोज दहा वाजता, एकाच जागी बसून, दिसेल तसं चित्र काढलं. सोमवार ते शनिवार असे दोन आठवडे, एकूण बारा चित्रं. बारा पानं फारच लवकर संपतात, म्हणून प्रत्येक चित्र दोनदा काढून २४ पानांची वही शिवली. अंगठ्याखालून पानं भराभर सोडली की वाल मातीतून मान वर काढतो. बाराव्या पानानंतर तो एकदम उडी मारतो. मधे रविवार आला, शाळा बंद होती!

ती वही मी आजीला दाखवली. तिने चारदा पानं सोडून पाहिली आणि विचारलं, "शेंग कधी लागायची गं याला?" म्हणून आता आम्ही वाल करवंटीतून काढून शाळेच्या कुंपणापाशी लावला आहे. वही याच फलकाला दोऱ्याने बांधली आहे. पालकांनीही पाहावी. पानं खालून वर सोडा, आणि हात ओले असतील तर आधी पुसा.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी