एक तार, अनेक विद्यार्थी

वसतिगृहात इंटरनेटची तार एकाच लॅपटॉपपर्यंत पोहोचते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत मात्र सर्वांचीच संपत असते. अशा वेळी विंडोज १० वा ११ मधील ‘मोबाइल हॉटस्पॉट’ ही सोय तारेने आलेले इंटरनेट वाय-फायवरून ८ उपकरणांपर्यंत वाटून देते. हे वाटप अडले, तर दोषाचा शोध उगमापासून घ्यावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवितो.

प्रथम तार तपासावी. लॅपटॉप अन्य वाय-फायला जोडलेला असल्यास ती जोडणी तोडावी. वाय-फाय मात्र चालूच ठेवावे. आता लॅपटॉपवर एखादे संकेतस्थळ उघडले नाही, तर दोष तारेत वा तिच्या पलीकडे आहे.

ते उघडले, पण मोबाइलवर हॉटस्पॉटचे नाव दिसत नसेल, तर बँड २.४ गिगाहर्ट्झ करावा. अनेक जुन्या मोबाइलना ५ गिगाहर्ट्झच्या लहरी पकडता येत नाहीत.

नाव दिसते, जोडणी होते, तरीही इंटरनेट नाही? मग वाटपाचा स्रोत म्हणून ‘इथरनेट’ निवडले आहे का, ते पाहावे. मोबाइलचा आयपी पत्ता सामान्यतः १९२.१६८.१३७ ने सुरू होतो. पत्ताच मिळाला नसेल, तर हॉटस्पॉट बंद करून पुन्हा सुरू करावा.

लॅपटॉप निद्रावस्थेत गेला की वाटप थांबते. म्हणून तो जागा ठेवावा. शिवाय तारेचा वेग सर्वांत विभागला जातो. तेव्हा मुदतीच्या दिवशी अर्ज आधी, चित्रफिती नंतर, हा नियम सर्वांनी पाळावा.