राज्यस्तरीय विज्ञान प्रदर्शन : मांडवापासून मूल्यमापनापर्यंत

पावसाळा ओसरला आणि सहामाही परीक्षा आटोपल्या की राज्यातील शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुरू होते. शाळेच्या वर्गातून निघालेली प्रतिकृती तालुका आणि जिल्हा हे टप्पे ओलांडून राज्यस्तरीय प्रदर्शनाच्या मांडवात येते. तेथून निवडक साहित्य राष्ट्रीय पातळीवर जाते. या प्रवासात शिक्षक, गटशिक्षणाधिकारी, यजमान शाळा, स्थानिक स्वराज्य संस्था आणि पालक अशा अनेकांचे परिश्रम खर्ची पडतात. हे परिश्रम कोणत्या हेतूसाठी आहेत, आणि तो हेतू प्रत्यक्षात साधावा यासाठी आयोजनात कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरा

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९७१ पासून मुलांसाठी राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरविण्यास प्रारंभ केला. १९८८ पासून या प्रदर्शनास पंडित जवाहरलाल नेहरू यांचे नाव देण्यात आले. अलीकडे ते राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्रात या कार्याची धुरा नागपूर येथील राज्य विज्ञान शिक्षण संस्थेने दीर्घकाळ वाहिली. विद्यार्थ्यांच्या प्राथमिक व माध्यमिक गटांबरोबरच शिक्षकांनी तयार केलेले अध्यापन साहित्य, लोकसंख्या शिक्षण आणि प्रयोगशाळा सहायक व परिचर यांनी तयार केलेली साधने यांनाही येथे स्थान मिळाले, हे आपल्या राज्याचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

या प्रवाहास पुढे आणखी प्रवाह येऊन मिळाले. १९८१ पासून मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेने मुलांना परिसरातील प्रश्नांवर गटाने प्रकल्प करण्यास प्रवृत्त केले. २०१६ पासून 'इन्स्पायर' पुरस्कार योजनेस 'मानक' हे नवे स्वरूप मिळाले आणि निवडलेल्या कल्पनेची प्रतिकृती करण्यासाठी विद्यार्थ्यास दहा हजार रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद झाली. परदेशात पाहिले तर १९५० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे भरलेल्या राष्ट्रीय मेळाव्यातून पुढे आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी मेळावा उभा राहिला. तेथे मानव, प्राणी अथवा रोगजंतू यांच्याशी संबंधित प्रयोग सुरू करण्यापूर्वीच त्याचा आराखडा तपासून घ्यावा लागतो. ही शिस्त आपणही अंगीकारण्याजोगी आहे.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. मोठ्यांच्या या कर्तव्याचा पहिला पाठ विज्ञान प्रदर्शनात गिरविला जावा, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही.

एक वही

येथे एक अनुभव नमूद करणे उचित वाटते. काही वर्षांपूर्वी एका तालुकास्तरीय प्रदर्शनाचे वृत्त संकलित करण्यासाठी मी गेलो होतो. व्हरांड्याच्या अगदी टोकाला, जेथे दिव्याची सोय नव्हती, तेथे जिल्हा परिषद शाळेतील सातवीची एक मुलगी माठ, तापमापक आणि एक वही घेऊन बसली होती. पावसाळ्यात माठातील पाणी उन्हाळ्याइतके गार का होत नाही, हा तिचा प्रश्न. जून ते ऑक्टोबर रोज दुपारी तिने हवेचे आणि माठातील पाण्याचे तापमान लिहून ठेवले होते. परीक्षक तिच्यापर्यंत पोहोचले तेव्हा दिवस कलला होता. "मॉडेल कुठे आहे?" एवढेच त्यांनी विचारले आणि ते पुढे गेले.

शेजारच्या गाळ्यात धूर ओकणारा ज्वालामुखी होता. मी कला शाखेचा पदवीधर. मीही छायाचित्र ज्वालामुखीचेच घेतले. माझ्या वृत्तात त्या मुलीचा उल्लेख आला नाही. हवेत बाष्प अधिक असेल तर माठाच्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन मंदावते आणि पाणी कमी गार होते. कोरड्या व ओल्या फडक्याच्या दोन तापमापकांच्या साहाय्याने वेधशाळेत हवेची आर्द्रता मोजतात ती याच तत्त्वावर, हे मला नंतर एका शिक्षकांनी समजावून दिले. त्या मुलीने घरच्या माठापासून वेधशाळेच्या दारापर्यंतचे अंतर स्वतः चालून पार केले होते. ते ओळखण्याची व्यवस्था आमच्यापाशी नव्हती. आयोजनाचा विचार करावयाचा तो या उणिवेपासून.

प्रतिकृती आणि प्रयोग

प्रदर्शनातील साहित्याचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. ज्ञात तत्त्व समजावून देणारी प्रतिकृती हा पहिला. एखादी अडचण दूर करणारे उपकरण हा दुसरा. आणि प्रश्न घेऊन निरीक्षणांच्या आधारे उत्तर शोधणारा प्रयोग हा तिसरा. तिन्ही प्रकारांना आपापले मोल आहे. तथापि, बाजारातून तयार आणलेली अथवा पालकांनी सुताराकडून करवून घेतलेली प्रतिकृती यांपैकी कोणत्याही प्रकारात बसत नाही, हे शाळास्तरावरच स्पष्ट करावे.

प्रयोगाला खर्च फारसा लागत नाही. पालापाचोळ्याच्या आच्छादनाने जमिनीतील ओल खरोखरच टिकते काय, हा शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न घेऊ. सारख्या आकाराचे सहा डबे घ्यावेत. प्रत्येकात सारख्याच वजनाची माती आणि सारखेच पाणी घालावे. तीन डब्यांवर वाळलेल्या पाल्याचा सारखा थर द्यावा. तीन उघडे ठेवावेत. रोज ठरावीक वेळी प्रत्येक डबा दुकानातील काट्यावर तोलून वजन वहीत लिहावे. डब्यांच्या जागा रोज आपसांत बदलाव्यात, म्हणजे एकालाच अधिक ऊन मिळाले असा दोष राहणार नाही. वजनात जितके ग्रॅम घट, तितके मिलिलिटर पाणी उडून गेले. आठवड्यानंतर दोन्ही गटांच्या सरासरी काढाव्यात.

डबे दोनच का घेतले नाहीत, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला तर शिक्षकाने आनंद मानावा. एकाच गटातील तीन डब्यांतही थोडा फरक पडतोच. दोन गटांमधील फरक त्याहून पुष्कळ अधिक असेल तरच तो आच्छादनामुळे पडला असे म्हणता येते. निष्कर्ष काढताना हात आखडता घेण्याची ही सवय म्हणजेच वैज्ञानिक दृष्टिकोन होय.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी आपल्या शालेय जीवनातील एक आठवण अनेकदा सांगितली आहे. मुंबईच्या युनियन हायस्कूलमध्ये भावे सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एकत्र केले आणि कागद जाळून दाखविला. साहित्य केवळ एक भिंग आणि एक कागद. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करण्याचे अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत केलेले कार्यही हेच सांगते.

व्यवस्थेचे गणित

राज्यस्तरीय प्रदर्शनाची व्यवस्था अंदाजाने न करता हिशेबाने करावी. उदाहरणादाखल साठ गाळ्यांचे प्रदर्शन गृहीत धरू.

वीज : प्रत्येक गाळ्यास सरासरी २०० वॅट वीज लागेल असे धरले तर एकूण जोडभार १२,००० वॅट होतो. २३० व्होल्टच्या एकाच फेजवर तो टाकल्यास सुमारे ५२ अँपिअर प्रवाह वाहील. शाळेच्या जुन्या तारांना तो झेपणार नाही. म्हणून थ्री फेज जोडणी घेऊन भार तिन्ही फेजवर सारखा वाटावा आणि अर्थिंगची तपासणी अनुज्ञाप्तिधारक तारतंत्र्याकडून करून घ्यावी. प्रवेश अर्जातच प्रत्येक शाळेकडून विजेची गरज वॅटमध्ये लिहून घेतल्यास अंदाज चुकत नाही.

वेळ : परीक्षकांनी प्रत्येक गाळ्यास निदान दहा मिनिटे द्यावीत आणि प्रत्येक साहित्य दोन वेगवेगळ्या पथकांनी पाहावे, असे ठरविल्यास १२० भेटी, म्हणजे १,२०० मिनिटे लागतात. तीन पथके असतील तर प्रत्येकाच्या वाट्यास ४० गाळे व ४०० मिनिटे, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटे येतात. भोजनाची सुटी धरता एक संपूर्ण दिवस केवळ मूल्यमापनासाठी राखून ठेवणे अपरिहार्य आहे. उद्घाटन समारंभ लांबला की परीक्षणाची वेळ घटते आणि त्याची किंमत व्हरांड्याच्या टोकाला बसलेला विद्यार्थी मोजतो. दोन्ही पथकांनी पाहणीचा प्रारंभ वेगवेगळ्या टोकांकडून करावा, म्हणजे एकच विद्यार्थी दोन्ही वेळा शेवटी येणार नाही.

निवास व भोजन : दूरच्या जिल्ह्यांतून मुले आदल्या दिवशी सायंकाळी पोहोचतात. मुलींच्या निवासासाठी स्वतंत्र इमारत, शिक्षिकांची उपस्थिती, पुरेशी प्रसाधनगृहे, पिण्याचे शुद्ध पाणी आणि प्रथमोपचाराची सोय यांची जबाबदारी नावानिशी एकेका व्यक्तीकडे सोपवावी. समितीवर सोपविलेले काम पुष्कळदा कोणाचेच राहत नाही. अपंग विद्यार्थ्यांसाठी उतरंड आणि तळमजल्यावरील गाळा यांची तरतूद आधीच असावी.

सुरक्षितता : तीव्र आम्ले, पारा, ज्वालाग्राही द्रव, उघडी ज्योत, रक्ताचे नमुने आणि वाढविलेले जिवाणू मांडवात आणू देऊ नयेत. अशा प्रयोगांची छायाचित्रे व नोंदी मांडल्यास पुरेसे आहे. प्रत्येक रांगेत अग्निशामक नळकांडे व वाळूच्या बादल्या ठेवाव्यात आणि बाहेर पडण्याचे दोन मार्ग मोकळे असावेत.

मूल्यमापन

राष्ट्रीय परिषदेने मूल्यमापनाचे निकष गुणांसह ठरवून दिले आहेत. मुलांची स्वतःची सर्जनशीलता व कल्पकता यांस २० टक्के. नावीन्य, वैज्ञानिक विचार, तांत्रिक कौशल्य आणि उपयुक्तता यांस प्रत्येकी १५ टक्के. अल्प खर्च, सुवाह्यता व टिकाऊपणा यांस १० टक्के. आणि सादरीकरणास १० टक्के. या वाटणीकडे लक्षपूर्वक पाहिले असता असे दिसते की, रंगरंगोटी व सफाईदार भाषण यांच्या वाट्यास फार थोडे गुण येतात. प्रत्यक्षात मात्र पाहणाऱ्याचे डोळे प्रथम तेथेच खिळतात. म्हणून निकषांची प्रत परीक्षकांबरोबरच विद्यार्थ्यांच्याही हाती प्रारंभीच द्यावी.

परीक्षकांसाठी तीन सूचना उपयुक्त ठरतील. पहिली, गाळ्यावर गेल्यावर आधी वही पाहावी. तारखांसह लिहिलेल्या, खाडाखोड असलेल्या नोंदी बहुधा खऱ्या असतात. दुसरी, "काय केले?" याबरोबर "काय चुकले आणि मग काय बदलले?" असे विचारावे, पाठ केलेल्या उत्तराचा तेथे निभाव लागत नाही. तिसरी, विद्यार्थ्यास त्याच्या बोलीत बोलू द्यावे. अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा मालवणीत सांगितलेले कारण प्रमाण मराठीतील कारणाइतकेच शास्त्रीय असू शकते. एक परीक्षक सढळ आणि दुसरा काटेकोर असल्यास केवळ गुणांची बेरीज न करता प्रत्येक पथकाने दिलेला क्रमही विचारात घ्यावा. निकालाबरोबर प्रत्येक विद्यार्थ्यास दोन ओळींचा लेखी अभिप्राय मिळावा. पारितोषिक थोड्यांनाच मिळते; अभिप्राय सर्वांना देता येतो.

पंचायतीचा वाटा

विज्ञान प्रदर्शन हा शाळेचा विषय, आपला त्याच्याशी संबंध काय, असे पंचायत सदस्यांनी मानू नये. प्रश्नांचे भांडार गावातच आहे. गावातील विहिरींची पाण्याची पातळी दर पंधरवड्यास कशी बदलते, साध्या चुलीत आणि सुधारित चुलीत तेवढाच भात शिजविण्यास किती सरपण लागते, नळाच्या गळतीतून दिवसाकाठी किती पाणी वाया जाते, हे विषय ग्रामसभेने शाळेकडे सोपवावेत आणि मुलांनी काढलेले निष्कर्ष ग्रामसभेत ऐकून घ्यावेत. गळका नळ बादली व घड्याळ घेऊन मोजणाऱ्या मुलीचा आकडा ऐकून तो नळ दुरुस्त झाला, तर तिला मिळालेले ते पारितोषिक कोणत्याही ढालीपेक्षा मोठे होय. प्रवासखर्च, तापमापक, पर्जन्यमापक अशा लहान गोष्टींसाठी पंचायतीने दिलेला हातभार गरीब विद्यार्थ्याचा मार्ग मोकळा करतो.

समारोप

प्रदर्शन संपते, मांडव उतरतो, प्रतिकृती शाळेच्या कपाटावर धूळ खात पडतात. असे होऊ नये यासाठी निवडक प्रकल्पांच्या नोंदी संकलित करून त्या तालुक्यातील शाळांना उपलब्ध करून द्याव्यात आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी त्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या शाळांत जाऊन आपले काम सांगावे.

प्रदर्शनाच्या यशाचे मोजमाप गाळ्यांच्या व प्रेक्षकांच्या संख्येवरून करण्याचा प्रघात आहे. वृत्त लिहिताना आम्हीही तेच आकडे देतो. यापुढे त्यात आणखी एक आकडा असावा असे वाटते : किती गाळ्यांवर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील वही होती. तो आकडा देता येण्यासाठी आयोजकांनी व्हरांड्याच्या टोकालाही एक दिवा लावावा आणि आमच्यासारख्यांनी तेथवर चालत जावे.