पेनिसिलिनची पकड

मुळशी तालुक्यातील चांदे गावापासून फारशा दूर नसलेल्या पिंपरीला भारतीय औषधनिर्मितीच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये येथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू केले.

पेनिसिलिन जंतू मारते, हे सर्वश्रुत आहे. ते कसे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. जंतूभोवती भक्कम पेशीभित्तिका असते आणि तिचे धागे एकमेकांत गुंफण्याचे काम एक एंझाइम करते. पेनिसिलिनच्या रेणूची ठेवण या धाग्याच्या टोकाशी इतकी जुळते की, एंझाइम फसते. प्रथम विद्युतभारांचे आकर्षण, हायड्रोजन बंध इत्यादी दुबळी बले रेणूला एंझाइमच्या खाचेत बसवितात. एवढ्यावरच भागले असते, तर रेणू लवकरच सुटलाही असता. परंतु पेनिसिलिनमधील चार अणूंचे ताणलेले वलय तेथे उघडते आणि एंझाइममधील सेरीन या घटकाशी सहसंयुज बंध जुळतो. इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून झालेला हा बंध सहजासहजी तुटत नाही. एंझाइम निकामी होते आणि वाढीला लागलेला जंतू फुटतो. मानवी पेशींना अशी भित्तिकाच नसल्याने त्या बचावतात. अर्थात, हेच वलय शरीरातील प्रथिनांशीही बंध जोडू शकते. काही रुग्णांना पेनिसिलिनची जी ॲलर्जी होते, तिचे मूळ येथे आहे.

पिंपरीतच शोधल्या गेलेल्या हॅमायसिन या बुरशीनाशकाची तऱ्हा वेगळी. ते सहसंयुज बंध जोडीत नाही. बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला केवळ दुबळ्या बलांनी धरते. अशी अनेक बले एकवटली की पकड पुरेशी होते.

जंतूही स्वस्थ बसत नाहीत. काहींजवळील पेनिसिलिनेज हे एंझाइम ते वलय आधीच फोडून टाकते. सर्दी-पडशाच्या विषाणूंना तर पेशीभित्तिकाच नसते. तेथे पेनिसिलिनला धरण्याजोगे काहीच नाही. तरीही ते घेतल्यास शरीरातील इतर जंतू मरतात आणि प्रतिकारक्षम तेवढे उरून फोफावतात. अशा जंतूंवर योजले जाणारे व्हँकोमायसिन भित्तिकेच्या धाग्याचे टोक पाच हायड्रोजन बंधांनी पकडते. काही जंतूंनी त्या टोकाचा एक घटक बदलला आहे. त्यामुळे त्यांपैकी एकच बंध नाहीसा होतो, आणि औषधाची पकड सुमारे हजारपटीने ढिली पडते.