सही करण्याआधी

चि. सई,

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाला अर्ली डिसिजनने, म्हणजे होकार आला तर तिथेच जायचं या बोलीवर, अर्ज केला की प्रवेशाची शक्यता तिप्पट होते, असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात. आकडा खोटा नाही. 2024 साली सुरू झालेल्या वर्षासाठी ब्राउनने या फेरीतल्या अर्जदारांपैकी सुमारे 14 टक्के मुलं घेतली; नेहमीच्या फेरीत हे प्रमाण 4 टक्क्यांच्याही खाली होतं. पण त्या 14 टक्क्यांत कोण कोण आहे ते बघ: प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, सगळी तयारी वेळेआधी उरकलेली मुलं. ही बाजूला काढली तर तुझ्या वाट्याचा फायदा बराच आक्रसतो. अगदीच संपत नाही, हेही खरं. ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी 2003 सालच्या पुस्तकात प्रवेशाच्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की कामगिरी सारखीच असली तरी लवकर अर्ज करणाऱ्याला मिळणारं झुकतं माप एसएटीच्या जवळपास 100 गुणांइतकं भरतं. अभ्यास जुना आहे, पण त्यामागचं कारण बदललेलं नाही. बोलावलेली मुलं येतीलच याची कॉलेजला खात्री हवी असते, आणि ती खात्री देणाऱ्याला ते थोडी सवलत देतं.

त्या सवलतीच्या बदल्यात तू काय देतेस? तुलना करण्याचा हक्क. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज जातो, त्यासोबतच्या करारावर तुझी, पालकांची आणि शाळेच्या काउन्सेलरची सही असते, आणि डिसेंबरच्या मध्यावर होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. दुसरं कॉलेज किती मदत देऊ करत होतं, हे तुला कधीच कळणार नाही. याद्या व्हायच्या आधी साखरपुडा उरकण्यातला हा प्रकार आहे. म्हणून शक्यता वाढते का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दुसरीकडचा एकही कागद न बघता, या किमतीला, तू हो म्हणशील का? उत्तर ठाम ‘हो’ असेल तर खुशाल कर अर्ज. ‘बघू, आधी येऊ दे तर खरं’ असं असेल तर नको.

कॉलेजची आर्थिक मदत अपुरी पडली तर करारातून सुटता येतं, असं तुझा बाबा, म्हणजे माझा दादा, म्हणेल. बरोबर आहे. शिवाय ब्राउन आता परदेशी मुलांना निवडताना त्यांची ऐपत बघत नाही आणि गरज ठरेल तेवढी मदत देतं. मात्र गरज ठरवणार कॉलेज. त्यासाठी भरायच्या सीएसएस प्रोफाइलच्या फॉर्ममध्ये पगाराबरोबर घर, जमीन, ठेवी सगळं विचारतात. साताऱ्याच्या सामाईक जमिनीच्या सात-बाऱ्यावर दादाचं नाव आहे (माझंही आहे), ती विकता येत नाही आणि तिच्यातून काही येतही नाही; पण हे वेगळ्या पत्राने समजावून सांगितलं नाही, तर कागदावर ती मालमत्ताच. वर्षाचा खर्च 90 हजार डॉलरहून जास्त, म्हणजे चार वर्षांचे तीन कोटींहून जास्त रुपये. त्यात कॉलेजच्या आणि आपल्या हिशेबात थोडा फरक पडला, तरी तो काही लाखांचा असतो. आणि मदत हवी असेल तर ती याच अर्जात मागायची. आत्ता न मागता नंतर बघू, हे परदेशी मुलांना बऱ्याच कॉलेजांत चालत नाही.

सगळेच लवकर अर्ज करतात, मग मी मागे पडेन, ही तुझी भीती अगदीच निराधार नाही. पण लवकर अर्ज म्हणजे बांधून घेणं असंच काही नाही. पर्ड्यू, मिशिगन यांसारख्या सरकारी विद्यापीठांत अर्ली ॲक्शन आहे: उत्तर लवकर, बंधन नाही. अनेक खासगी कॉलेजांत जानेवारीत अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही असते, तोवर तुझं मन आणि घरचा हिशेब दोन्ही जास्त स्पष्ट झालेले असतील.

तेव्हा येत्या रविवारी दादा-वहिनींना समोर बसव आणि वर्षाला जास्तीत जास्त किती झेपेल तो आकडा लिहून काढा. फ्लॅटचा हप्ता आणि आजीची औषधं आधी वजा करा. डॉलर आजच्या भावाने धरू नका, थोडा चढाच धरा. जमिनीबद्दलच्या पत्राचा मसुदा मी करून पाठवते.

तुझी,
आत्या