भाकरी, लिंबू आणि चहा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. केवळ लोहाच्या गोळ्या वाटून हा प्रश्न सुटणारा नाही, असे आमचे मत आहे. बाजरी, हरभरा, पालेभाज्या यांत लोह असते. परंतु भाकरीसोबत चहा घेतल्यास चहातील टॅनिनमुळे ते शरीरात नीट शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व मात्र शोषणास साहाय्य करते. उन्हाळ्यात लिंबू महागते. तेव्हा कैरी चालते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. हे मुलींना वर्गात सांगून भागत नाही. स्वयंपाक आईकडे, बाजारहाट बहुधा वडिलांकडे. शिवाय सर्वांमागून उरलेले खाण्याची रीत मुली घरातच शिकतात. म्हणून पोषण-मार्गदर्शनास पालक, विशेषतः वडील, उपस्थित असणे आम्ही आवश्यक मानतो.