ओढ आहे का, ते आधी बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोलीत फाउंड्रीतली सुरक्षा बघण्यात माझी सगळी नोकरी गेली. इथलं ओतकाम वाळूवर चालतं, आणि ती वाळू म्हणजे जवळजवळ सगळी स्फटिक सिलिका. तिची बारीक धूळ फुफ्फुसात गेली की तिथल्या पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या मरतात, मागे चट्टे राहतात आणि फुफ्फुस ताठर होत जातं. याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. म्हणून नव्या सुपरवायझरना मी जे सांगत आलो, ते इथे लिहितो.

१. डोळ्यांवर विसंबू नका.
उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते ती बहुतेक जाड धूळ. ती नाकाघशात अडकते, खाली बसते. खोलवर पोचणारे कण साधारण पाच मायक्रॉनहून बारीक असतात. ते दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत राहतात. नॉकआउट, म्हणजे वाळूचा साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं, थांबलं, शेड स्वच्छ दिसतंय, म्हणून तिथेच मास्क काढून डबा उघडायचा नाही. कामगाराच्या कॉलरजवळ नमुना घेणारं यंत्र पाळीभर लावून हवा मोजून घ्यावी लागते. अमेरिकेने २०१६ साली आठ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. एवढीशी धूळ कुणाला डोळ्यांनी कळणार?

२. मास्क सगळ्यात शेवटी येतो.
तपासणी आली की गोदामातून मास्कचा खोका बाहेर निघतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं. उलट्या क्रमाचं हे काम मला कधीच पटलं नाही. धूळ जिथे निघते तिथेच ती ओढून घ्यायची: नॉकआउटवर हूड, फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याच्या, ग्राइंडरला शोषण, पुढे डक्ट आणि पिशव्यांचे फिल्टर. एवढं बसवून भागत नाही. पिशव्या चोंदल्या तरी पंखा फिरतो, आवाजही नेहमीसारखाच येतो, फक्त ओढ नसते. म्हणून मी हूडच्या तोंडाशी धूर सोडून पाहायचो. धूर सरळ आत गेला तर ठीक. तिथेच घुटमळला किंवा कामगाराच्या तोंडाकडे वळला, तर काम बंद करून आधी फिल्टर बघायचा.
खडी क्रशरवर किंवा ग्रॅनाइट कापताना पाणी मारणं हा उत्तम उपाय आहे. आमच्याकडे तो जपून करावा लागतो. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं तर त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. भट्टीजवळ आणि ओतण्याच्या जागी कुणीही पाइप घेऊन फिरायचं नाही.
एवढं करूनही उरलेल्या धुळीसाठी मास्क. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. दाढीवर बसत नाही, आणि तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

३. झाडू आणि हवेची नळी बंद.
पाळी सुटताना पोरं एकमेकांच्या अंगावर कॉम्प्रेसरची हवा मारतात. कपडे स्वच्छ दिसतात, आणि दिवसभराची बसलेली धूळ पुन्हा नाकासमोर येते. कोरड्या झाडूनेही तेच होतं. बारीक धूळ धरणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम घ्या, आणि कपडे कारखान्यातच बदलायची, धुवायची सोय करा. घरी नेऊन झटकले की ती धूळ बायकालेकरांच्या श्वासात जाते.

४. वाळूने ब्लास्टिंग करू नका.
कास्टिंगवर मारायला त्याऐवजी स्टीलचे शॉट, म्हणजे बारीक गोळ्या, मिळतात. ब्रिटनने कास्टिंग साफ करताना वाळू वापरण्यावर १९४९च्या नियमांनीच बंदी आणली.

५. डॉक्टरांना काम नीट सांगा.
केसपेपरवर ‘व्यवसाय’पुढे ‘मजुरी’ लिहिलेलं असतं. खोकला, दम, घटलेलं वजन आणि एक्स-रेवर डाग दिसले की टीबीचा संशय येतो, उपचार सुरू होतात, आणि वाळूचा विषय निघतच नाही. सिलिकोसिस असलेल्याला टीबीचा धोका जास्त असतो, दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून थुंकीची तपासणी हवीच. पण ‘फेटलिंगला होतो, इतकी वर्षं’ हे पेशंटने स्वतःहून सांगावं. सुरुवातीला काहीच त्रास नसतो, तेव्हा छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची चाचणी ठरल्या वेळी करत राहायची. बिडी-सिगारेट सोडायची.

६. कागद जपा.
सगळ्यात जास्त धूळ कंत्राटी कामगाराच्या वाट्याला येते, आणि सगळ्यात कमी कागद त्याच्याकडेच असतात. ठेकेदार बदलला की मागचं काम पुसलं जातं. सिलिकोसिस हा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे. ईएसआय म्हणजे कामगार विमा योजनेतही तो व्यवसायजन्य आजार म्हणून येतो. पण हक्क मागताना कुठे, किती वर्षं, कोणतं काम केलं हे दाखवावं लागतं. ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, ईएसआय नंबर आणि प्रत्येक एक्स-रे एका पिशवीत ठेवा. सुपरवायझरने पाळीच्या हजेरीत नुसतं ‘हेल्पर’ न लिहिता ‘नॉकआउट’, ‘फेटलिंग’ असं कामाचं नाव लिहावं.